वाकवणं हे सगळ्यात शेवटचं काम

घडीचे फोन बाजारात आल्यापासून माझ्या नोकरीबद्दल लोकांना कुतूहल वाटू लागलं आहे. लग्नाच्या पंगतीत किंवा गाडीत शेजारी बसलेल्याला कळलं की मी डिस्प्लेच्या कारखान्यात काम करते, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग ती काच वाकवता कशी हो?" मी सांगते की वाकवणं सगळ्यात शेवटी येतं, आधीची कामं विचारा. आधीची कामं ऐकण्याइतका वेळ पंगतीत नसतो, म्हणून ती इथे मांडते आहे.

मी शिकले रसायन अभियांत्रिकी. काही वर्षं पातळ थरांच्या संशोधनात घालवली आणि मग तैवानमधल्या सिंचूला गेले. तिथलं विज्ञान उद्यान १९८० सालचं. चिप आणि डिस्प्ले या दोन्ही धंद्यांतली माणसं तिथे रस्त्यात भेटतात. त्या गावात वारा फार, पण आमचा दिवस जातो बंदिस्त, पिवळ्या दिव्यांच्या क्लीनरूममध्ये, डोळ्यांखेरीज सगळं अंग झाकून. तिथे जे शिकले, ते असं.

१. वाकणारी वस्तू बनवायची तर आधी ती काचेला घट्ट चिकटवा

प्लास्टिकची पातळ शीट घ्यावी, तिच्यावर सर्किट छापावं आणि गुंडाळून ठेवावं, असं चित्र बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर असतं. या धंद्यानेही ते स्वप्न बरीच वर्षं पाहिलं. अडचण एवढीच की प्लास्टिक तापलं की वाढतं. पीईटीची फिल्म दर अंशाला साधारण लाखात दोन भाग वाढते. अर्ध्या मीटरची शीट शंभर अंशांनी तापवली, तर ती एक मिलिमीटर लांब होते. मोबाइलच्या पडद्यावरचा एक पिक्सेल असतो ५० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे वरचा थर खालच्या थरापासून वीस पिक्सेल सरकला. आम्हाला तर दोन-तीन मायक्रॉनची चूकही परवडत नाही.

म्हणून काम होतं ते काचेवरच. काचेच्या पाटीवर पॉलिइमाइड या प्लास्टिकचं घट्ट, पिवळसर द्रावण एकसारखं पसरायचं. मग नायट्रोजन भरलेल्या ओव्हनमध्ये टप्प्याटप्प्याने साडेचारशे अंशांपर्यंत तापवायचं. मागे उरते दहा-एक मायक्रॉनची, काचेला पक्की धरून बसलेली फिल्म. तिच्यावर ट्रान्झिस्टर, त्यांच्यावर प्रकाश देणारे ओलेडचे सेंद्रिय थर, सर्वांत वर संरक्षक थर. या साऱ्या प्रवासात फिल्म तसूभरही हलत नाही, कारण काच हलत नाही. फिल्मच्या पिवळेपणानेही काही बिघडत नाही, कारण प्रकाश वरच्या बाजूने बाहेर पडतो.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हिशेबाचा आहे. काचेसाठी घेतलेली कोट्यवधींची यंत्रं तशीच वापरता येतात. नवी कल्पना जुन्या लाइनवर चालत असेल तरच ती कारखान्यात टिकते.

२. सोडवणं चिकटवण्याहून कठीण

सगळे थर चढले की फिल्म काचेवरून सोडवायची. त्यासाठी काचेच्या खालच्या बाजूने ३०८ नॅनोमीटरचा अतिनील लेझर फिरवतात. काच तो प्रकाश बराचसा आरपार जाऊ देते, पॉलिइमाइड शोषून घेतं. फिल्मचा काचेला टेकलेला अगदी पातळ भाग जळतो आणि पकड सुटते. ऊर्जा कमी पडली तर फिल्म जागोजाग चिकटून राहते. जास्त झाली तर काजळी धरते आणि वरचे थर दुखावतात.

पण सगळ्यात जास्त छळ होतो तो काचेच्या मागच्या बाजूला बसलेल्या धुळीचा. त्या बाजूला एक कण असला की त्याची सावली पडते. सावलीपुरता लेझर फिल्मपर्यंत पोचत नाही, तेवढा ठिपका चिकटलेला राहतो आणि ओढताना फिल्म नेमकी तिथूनच फाटते. वरच्या बाजूला शंभर प्रक्रिया बिनचूक झालेल्या असतात, आणि पॅनेल जातं ते जिथे आम्ही काहीच बनवलं नव्हतं त्या बाजूच्या धुळीमुळे. प्रक्रिया आखताना मी आता आधी हेच विचारते की या वस्तूच्या कोणत्या बाजूकडे कुणाचं लक्ष नाही?

३. जाडीचा हिशेब आधी करा, कौतुक मागाहून

वाकण्याचं गणित शाळकरी आहे. शीटच्या जाडीला वाकाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागलं की बाहेरच्या पृष्ठभागाला किती ताण बसतो ते कळतं. ३० मायक्रॉनची काच दीड मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर ताण एक टक्का. रासायनिक प्रक्रियेने कणखर केलेली काच तेवढा सोसते. २०२० च्या गॅलेक्सी झेड फ्लिप या घडीच्या फोनमध्ये ३० मायक्रॉनची काच आली ती उगाच नाही. माणसाचा केससुद्धा सहसा याहून जाड असतो.

पण घडीच्या पडद्यात एकटी काच नसते. वरचं कवच, काच, पोलरायझर किंवा रंगांचे फिल्टर, ओलेडची फिल्म, खालचा आधार, असं सगळं मिळून काही शे मायक्रॉन भरतात. ते एकजीव असतं तर त्याच वाकात पृष्ठभागावर दहा टक्के ताण आला असता. सिलिकॉन नायट्राइडसारखे ठिसूळ थर एक टक्क्याच्या आसपासच तडकतात. मग हे जमतं कसं? शंभर पानी वही वाकवून बघा. पानं एकमेकांवर सरकतात, म्हणून ती वाकते. तीच पानं फेव्हिकॉलने एकमेकांना चिकटवली तर पुठ्ठा होईल आणि वाकवताना मोडेल. आमच्या थरांमध्ये मऊ, पारदर्शक गोंद असतो. तो थरांना धरूनही ठेवतो आणि किंचित सरकूही देतो. त्यामुळे प्रत्येक थर स्वतःपुरता वाकतो. नाजूक ट्रान्झिस्टर तर अशा मधल्या पातळीत बसवतात, जिथे ताण नाही आणि दाबही नाही.

लोक काचेचं कौतुक करतात, आमची झोप उडते गोंदापायी. थंडीत तो कडक होतो आणि थरांना सरकू देत नाही. उन्हात मऊ होऊन कडेने बाहेर डोकावतो. फोन बराच काळ मिटलेला राहिला तर गोंद त्या आकाराला रुळतो. घडीच्या फोनवर मधोमध जी रेघ दिसते, तिचा मोठा वाटा या गोंदाचा. घडीचा फोन घेणाऱ्या प्रत्येकाला ती खटकते आणि आठवडाभराने कुणालाही दिसत नाही.

४. पाण्याच्या वाफेशी वैर कायमचं आहे

ओलेडचा शोध कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून या सेंद्रिय थरांची एक खोड सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी आणि प्राणवायू त्यांना मारतात. जाड काचेच्या डब्यात बंद केलं तर प्रश्न सुटतो. लवचीक पडद्याला मात्र काचेचा डबा नाही.

किती वाफ चालेल? साधारण मानलेली मर्यादा अशी की एका चौरस मीटरमधून एका दिवसात ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आकडा डोक्यात बसावा म्हणून असा हिशेब करा. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकराची फिल्म अंथरली, तरी तिच्यातून पाच दिवसांत मिळून पाण्याचा जेमतेम एक थेंब आत जायला हवा. साध्या प्लास्टिकच्या फिल्ममधून एका चौरस मीटरला दिवसाला काही ग्रॅम वाफ सहज जाते. मधलं अंतर लाखो पटींचं.

ते भरून काढायला तीन थरांची युक्ती आहे. आधी सिलिकॉन नायट्राइडसारखा अकार्बनी थर, त्यावर इंकजेटने शिंपडलेला काही मायक्रॉनचा सेंद्रिय थर, त्यावर पुन्हा अकार्बनी. अकार्बनी थर वाफ अडवतो, पण त्यात सुईच्या टोकाहून बारीक भोकं राहतातच. मधला सेंद्रिय थर धुळीचे कण पोटात घेतो, पृष्ठभाग सपाट करतो आणि खालची व वरची भोकं एका रेषेत येऊ देत नाही. वाफेला आडवाटेने जावं लागतं आणि त्यात वर्षं निघून जातात. हे सगळं शंभर अंशांच्या आत उरकावं लागतं, कारण खालच्या ओलेडला त्याहून जास्त उष्णता सोसत नाही.

इतकी सूक्ष्म गळती मोजायची कशी? कॅल्शियम घ्यायचं. त्याचा अतिशय पातळ थर आरशासारखा चकाकतो, आणि पाणी लागलं की पारदर्शक होतो. संरक्षक थराखाली असा चौकोन ठेवून नमुना ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात टाकायचा. कोकणातला जुलै या कपाटापुढे सौम्य म्हणावा लागेल. काही दिवसांनी चकाकीत एखादं गोल खिडकीसारखं छिद्र दिसू लागतं. ते चौकोनाच्या मधोमध असेल तर वरच्या थराला भोक आहे. कडेने आत सरकत असेल तर वाफ बाजूने येते आहे. एवढ्या एका निरीक्षणावरून कोणता विभाग रात्रभर जागणार ते ठरतं.

पॅनेल ज्या दिवशी बनतं त्या दिवशी ते सुंदरच दिसतं. काळे डाग नंतर येतात आणि वाढत जातात. म्हणून ताज्या पॅनेलवर खूश होऊन निष्कर्ष काढू नये.

५. डोळा तिरका ठेवा आणि ऑपरेटरचं ऐका

डिस्प्लेच्या धंद्यात पडद्यावरच्या अंधुक, आकारहीन डागांना 'मुरा' म्हणतात. शब्द जपानी, पण कोरियापासून चीनपर्यंत सगळीकडे तोच चालतो. मुरा आकड्यात पकडणं कठीण असतं. एकदा एका बॅचच्या पॉलिइमाइडवर फिकट गोल ठिपके येऊ लागले. जाडी मोजणाऱ्या यंत्राने सगळ्या शीट पास केल्या होत्या. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत एक अनुभवी ऑपरेटर बाई होती. तिने काच दिव्याखाली हळूच तिरकी केली, पुन्हा सरळ केली, आणि हातमोज्यातल्या बोटाने हवेतच चार ठिपक्यांवर टिचकी मारल्यासारखं केलं. मला कळलं ती काय म्हणते आहे. काच उचलायला खालून ज्या पिना वर येतात, त्यांच्या जागा होत्या त्या. पिन टेकते तिथे उष्णता वेगळी वाहते, द्रावण थोडं वेगळं सुकतं, आणि काही नॅनोमीटरच्या फरकाने तिथे गोल डाग उमटतो. यंत्र ठरलेल्या बिंदूंवरच मोजत होतं आणि पिना त्या बिंदूंमध्ये नव्हत्या.

दोषांचा नकाशा काढायची सवय मला या प्रसंगाने लागली. दोष प्रत्येक शीटवर एकाच जागी येत असेल तर मास्क, पिन किंवा रोबोटचा हात तपासायचा. विखुरलेला असेल तर धूळ. एका चेंबरमधून आलेल्या शीटवरच असेल तर त्या चेंबरची शेवटची साफसफाई कधी झाली ते पाहायचं. नकाशा समोर असला की मीटिंगमधली निम्मी भांडणं मिटतात.

तैवानमधल्या इंजिनिअरांची आणखी एक सवय सांगते. यंत्राच्या कंट्रोल कॅबिनेटवर 'क्वाइ क्वाइ' नावाच्या मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं. शहाण्यासारखं वाग, बंद पडू नकोस, असं यंत्राला सांगायची ती रीत. पाकीट हिरवंच हवं, आणि त्यावरची तारीख उलटून चालत नाही. तारीख जवळ आली की कुणीतरी नवं पाकीट आणून ठेवतं. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये लेथला हार घालणाऱ्या घरातून मी आलेली, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्या झेंडूला मात्र क्लीनरूममध्ये प्रवेश नाही. श्रद्धेचा भाग सोडला तरी त्यात एक फायदा आहेच. तारीख पाहायच्या निमित्ताने रोज कुणीतरी यंत्राजवळ जातं आणि त्याचा आवाज बदललाय का हेही ऐकतं.

६. शेकडा नव्व्याण्णव म्हणजे नापास

शाळेत नव्व्याण्णव टक्के मिळाले की पेढे वाटतात. पडद्याच्या कारखान्यात शंभर प्रक्रिया असतील आणि प्रत्येक नव्व्याण्णव टक्के यशस्वी होत असेल, तर शेवटी शंभरातली ३७ पॅनेल चांगली निघतात. उरलेली ६३ भंगारात. प्रयोगशाळेत एक नमुना चालला की शोधनिबंध होतो. कारखान्यात एक नमुना चालला तर त्याला काहीच किंमत नसते.

या धंद्याच्या इतिहासात हुशार माणसांच्या थकलेल्या कंपन्या पुष्कळ आहेत. केंब्रिजच्या संशोधनातून २००० साली निघालेल्या प्लास्टिक लॉजिकने जर्मनीत ड्रेस्डेनला २००८ मध्ये कारखाना उभारला. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी 'क्यू' नावाचं वाचनयंत्र दाखवलं. एप्रिलमध्ये आयपॅड विक्रीला आला. ऑगस्टमध्ये 'क्यू' रद्द झालं. त्यांचे प्लास्टिकवरचे ट्रान्झिस्टर चालत होते, पण बाजाराचं घड्याळ त्यांच्यापुढे धावत होतं. चीनच्या रोयोलने २०१८ मध्ये सॅमसंगच्या आधी घडीचा फोन जाहीर केला, आणि २०२४ पर्यंत ती कंपनी दिवाळखोरीत गेली. पहिला नंबर येणं आणि तग धरणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

७. वाकणारा पडदा आधी न वाकणाऱ्या वस्तूत गेला

हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. २०१३ मध्ये सॅमसंग आणि एलजी यांनी वक्र पडद्याचे फोन आणले. फोन वाकत नव्हता, पडदा कारखान्यातच एकदा वाकवून बसवलेला होता. २०१५ च्या ॲपल वॉचमध्ये आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्येही प्लास्टिकवरचा ओलेडच होता. आयफोन टेनमध्ये पडद्याची खालची कड मागे दुमडून चालक चिप आत लपवली, म्हणून खालची काळी पट्टी गेली. आज बऱ्याच महागड्या, सरळसोट फोनमध्ये लवचीक पडदाच असतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

एकदाच वाकायचं असेल तर अटी सोप्या होतात. त्या सोप्या अटींवर कारखान्यांनी कोट्यवधी पडदे बनवले, चांगल्या पॅनेलचं प्रमाण वाढवलं, पैसा कमावला, आणि मग दोन लाख वेळा उघडमीट होणाऱ्या पडद्याकडे वळले. दिवसाला शंभर वेळा फोन उघडणाऱ्या माणसाला दोन लाख म्हणजे साडेपाच वर्षं. कठीण तंत्र आधी त्याच्या सोप्या उपयोगात मुरू द्यावं.

८. ग्राहक काय करील हे यंत्राला विचारू नका

घडी घालायचं यंत्र गुणी असतं. दर वेळी त्याच वेगाने, त्याच कोनात, स्वच्छ खोलीत पडदा मिटतं. माणूस एका हाताने, कोपऱ्याला अंगठा लावून, खिशातल्या धुळीसकट मिटतो. एप्रिल २०१९ मध्ये पहिला गॅलेक्सी फोल्ड परीक्षणासाठी पत्रकारांना दिला गेला. काहींनी वरचा थर दुकानात लावून मिळणारा स्क्रीनगार्ड समजून नखाने सोलून काढला. तो थर पडद्याचाच भाग होता. पडदे गेले, विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली. दुरुस्तीत सॅमसंगने थराची कड चौकटीच्या खाली नेली, म्हणजे नखाला पकडायला काही उरलं नाही, आणि बिजागरीच्या टोकांना टोप्या बसवल्या. उत्तर रसायनात नव्हतं, चौकटीच्या आकारात होतं. नमुना एखाद्या सहा वर्षांच्या मुलाच्या हातात दिल्याशिवाय पास करू नये, असं माझं मत आहे.

९. आपल्याकडे सुरुवात रसायनापासून होऊ शकते

आयआयटी कानपूरला लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे आणि तिथे चांगलं काम होतं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर आणि डिस्प्लेसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तरी मोबाइलचं ओलेड पॅनेल आपण अजून बाहेरूनच आणतो. पॅनेलचा कारखाना उभारणं फार खर्चाचं काम आहे. पण वर सांगितलेली दुखणी पुन्हा वाचून बघा. पॉलिइमाइडचं द्रावण, गोंद, इंकजेटचं सेंद्रिय द्रव्य, अतिशुद्ध द्रावक, कॅल्शियमच्या कसोट्या. यातली बहुतेक कामं रसायनाची आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांवर कित्येक दशकं संशोधन चाललं आहे. तारापूर, पाताळगंगा, लोटे इथे रसायनं बनवणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली आहेत. कमी आहे ती शुद्धतेच्या सवयीची. औषधाच्या कच्च्या मालात साडेनव्व्याण्णव टक्के शुद्ध म्हणजे चांगला माल. आमच्या कामात धातूंची भेसळ अब्जात किती भाग आहे यावर माल परत जातो. ही सवय पैशाने लगेच येत नाही, पण शिकता येते.

रसायन किंवा पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं एवढंच आहे की घडीच्या फोनचा व्हिडिओ बघून या क्षेत्रात येऊ नका. गोंद का सरकतो, थर का सोलतो, वाफ कुठून शिरते, हे प्रश्न ज्यांना रात्री जेवतानाही सोडत नाहीत, त्यांनी जरूर या. अशा माणसांची इथे कायम टंचाई असते, आणि पडदा वाकतो तो त्यांच्यामुळेच.